जुन्या जिप्सीचा कार्बोरेटर आणि इनटेक मॅनिफोल्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, अमरावती या पट्ट्यात कार्बोरेटरवाल्या मारुती जिप्सी अजून बऱ्यापैकी टिकून आहेत. कार्बोरेटर, म्हणजे कार्ब, हवेत पेट्रोल मिसळतो आणि इनटेक मॅनिफोल्ड ते मिश्रण सिलिंडरांपर्यंत नेतो. कोणाची वावरात राबते, कोणाची वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागेत उभी असते, कोणी निव्वळ हौसेने सांभाळली आहे. मालकांचे प्रश्न मात्र फिरून फिरून तेच. उत्तरं देताना मेचं ऊन, पांदणीची धूळ आणि हल्लीचं पेट्रोल या तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत, कारण परदेशी व्हिडिओंमध्ये नेमक्या त्याच नसतात.

हे नेमकं कोणत्या गाडीला लागू आहे?

१९८५ साली आलेल्या एमजी४१० ला, म्हणजे ९७० सीसीच्या एफ१०ए इंजिनाला. आणि १९९६ च्या जिप्सी किंगला, म्हणजे १२९८ सीसीच्या आठ व्हॉल्व्हच्या जी१३बीए इंजिनाला. दोन्ही कार्बोरेटरवाली. २००० पासून जिप्सीत सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन आलं, म्हणजे कार्बऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारं. तुमची तशी असेल तर त्यात कार्ब नाहीच, पण धूळ आणि फिल्टरबद्दलचं उत्तर तुमच्याही कामाचं आहे.

चढावर गाडी दम सोडते. मिस्त्री म्हणतो, कार्ब बदलून टाका. बदलू का?

लगेच नको. कार्बच्या नावावर खपणारी निम्मी दुखणी दुसरीकडची असतात. पैसे काढण्याआधी पुढची तपासणी याच क्रमाने करून घ्या.

पहिलं कॉम्प्रेशन. चारही सिलिंडरचं मोजा. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती ते बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी खाली असेल तर रिंग, व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंगचं काम आहे. अशा इंजिनावर इटलीहून आणलेला कार्ब चढवला तरी चढ चढायचा नाही.

दुसरं टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट. थंड इंजिनावर, मॅन्युअलमधल्या मापाने, फीलर गेज लावून. कानाने नाही.

तिसरं इग्निशन. पॉइंट जळालेत का, कंडेन्सर ठीक आहे का, डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हलतो का, व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्सचा डायफ्राम फाटला आहे का. शेवटच्याची परीक्षा सोपी आहे. त्याची नळी काढून तोंडाने ओढा. आतली प्लेट हलली पाहिजे आणि ओढ धरून राहिली पाहिजे. नुसती हवाच येत असेल तर डायफ्राम गेला. जुन्या जिप्सीत हा प्रकार सर्रास दिसतो. त्याने मधल्या रेसवर (रेस म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे) पिकअप मरतो, पेट्रोल जास्त जातं, आणि आळ येतो कार्बवर.

चौथं पेट्रोलचा प्रवाह. टाकीतली जाळी, फिल्टर, पंप, नळ्या. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी असेल तर टाकीतला गंज आधी बघा.

पाचवं, फिरणारं सगळं मोकळं फिरतं का. ब्रेक धरून ठेवलेत का, पुढचे हब लॉक आहेत का, टायर मोठे घातलेत का. मोठ्या टायरने गिअरिंग लांबतं. ४५ अश्वशक्तीच्या इंजिनाला ते लगेच जाणवतं, आणि त्यावर कुठल्याही कार्बमध्ये इलाज नाही.

हे सगळं नीट असून गाडी ओढत नसेल तर कार्बकडे वळा.

मिस्त्री म्हणतो, "इंजिन हवा ओढतंय." ते कसं ओळखायचं?

कार्बमधून न जाता मधूनच हवा आत शिरते, मिक्श्चर पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), स्लो, म्हणजे पाय न देता चालणारी रेस, वर-खाली होतो, आणि गरम झाल्यावर गाडी सिग्नलला किंवा नाक्यावर बंद पडते. जागा ठरलेल्या आहेत: मॅनिफोल्ड आणि हेडमधलं पॅकिंग, कार्बच्या बुडाचं पॅकिंग, ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्हीची नळी (इंजिनातली वाफ परत मॅनिफोल्डमध्ये नेणारी), आणि जुन्या कार्बमध्ये थ्रॉटलचा, म्हणजे हवेची वाट उघडणाऱ्या चकतीचा, शाफ्ट.

उत्तम हत्यार म्हणजे व्हॅक्युम गेज. मॅनिफोल्डच्या नळीला लावा. निरोगी इंजिन स्लोवर साधारण १७ ते २० इंच पारा दाखवतं आणि काटा स्थिर राहतो. काटा खाली पण स्थिर असेल तर हवा ओढतंय किंवा टायमिंग मागे आहे. काटा एका लयीत झटके देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह धरत नाही. गेज नसेल तर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा एकेका सांध्यावर मारून बघतात. रेस बदलली की लीक तिथंच. मात्र हे थंड इंजिनावर करा आणि पाण्याची नाही, आग विझवायची बाटली शेजारी ठेवा. मे महिन्यात तापलेल्या सायलेन्सरवर असले फवारे मारणं म्हणजे आग ओढवून घेणं.

थ्रॉटलचा शाफ्ट हाताने वर-खाली हलवा. खडखडत असेल तर नुसतं किट बदलून भागणार नाही. लेथवाल्याकडून पितळी बुश बसवून घ्यावा लागतो. हे काम नागपूरला, हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला किंवा चंद्रपूरला कोणीही चांगला टर्नर करून देईल. पण बुश बसल्यावर थ्रॉटलची चकती पुन्हा नेमकी मध्यावर बसवणं कौशल्याचं आहे. ती बंद करून उजेडाकडे धरा. चहूबाजूंनी सारखी फट दिसली पाहिजे.

जुना कार्ब ओव्हरहॉल करावा की नवा घ्यावा?

बॉडी वाकलेली नसेल, शाफ्ट दुरुस्त होत असेल, तर ओव्हरहॉल. माझं मत इथं स्पष्ट आहे: कंपनीचा कार्ब या इंजिनाला मापून बनवलेला आहे आणि वावर-जंगलाच्या कामाला तोच सर्वात समजूतदार. त्यात हवेच्या दोन वाटा, म्हणजे बॅरल असतात. दुसरी बॅरल व्हॅक्युमच्या डायफ्रामने उघडते. म्हणजे इंजिनाला खरंच हवा लागेल तेव्हाच. पाय कितीही दाबला तरी खालच्या रेसवर इंजिन गुदमरत नाही. हा डायफ्राम फाटला की दुसरी बॅरल उघडतच नाही, आणि लोक म्हणतात "कार्ब छोटा पडतो". आधी तो तपासा.

ओव्हरहॉल करताना तीन गोष्टींवर अडून बसा. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी भोकात, तार घालू द्यायची नाही. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग कुठलाच हिशेब जुळत नाही. केमिकल आणि दाबाची हवा पुरे. दुसरं, फ्लोटची (कार्बच्या वाटीतली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगाची) पातळी मोजून लावायची. तिसरं, पॅकिंगला सिलिकॉन लावायचं नाही. पेट्रोलने ते फुगतं, त्याचे कण सुटतात आणि थेट जेटमध्ये जाऊन बसतात.

इंजिनाला कार्ब केवढा लागतो, हे कसं काढायचं?

गणित शाळेतलं आहे. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या सीसीएवढी हवा ओढतं. ९७० सीसीचं इंजिन ५५०० च्या रेसवर: ०.९७ गुणिले २७५०, म्हणजे मिनिटाला सुमारे २६७० लिटर. जुनं इंजिन पूर्ण भरत नाही, ऐंशी टक्के धरा. राहिले सुमारे २१३० लिटर, म्हणजे ७५ सीएफएम (मिनिटाला घनफूट). किंगच्या १२९८ सीसीचं त्याच हिशेबाने १०० सीएफएमच्या आसपास येतं.

हा फुल रेसचा आकडा. पांदणीतून चालताना इंजिन १५०० ते २५०० वर असतं, तेव्हा लागते ती याच्या निम्म्याहून कमी. कार्ब चालतो व्हेंचुरीतल्या, म्हणजे गळ्याच्या अरुंद भागातल्या, हवेच्या वेगावर. वेग असेल तर तिथला दाब उतरतो आणि पेट्रोल बारीक तुषारात वर येतं. कार्ब गरजेपेक्षा मोठा घेतला की हवा सावकाश जाते, ओढ कमी पडते, पेट्रोल थेंबाथेंबाने येतं. रस्त्यावर १०० ला गाडी छान वाटते आणि नाल्यातून वर चढताना भकभक करून बंद पडते. आपल्याला नेमकं उलटं हवं.

वेबर ३२/३६ या कार्बबद्दल फार ऐकलं. बसवू का?

किंगला विचार करण्यासारखा आहे. ४१० ला मी सुचवत नाही.

३२/३६ म्हणजे पहिली बॅरल ३२ मिलिमीटरची, दुसरी ३६ ची. आत व्हेंचुरी २६ आणि २७ ची. पाय अर्ध्यापलीकडे गेला की दुसरी बॅरल दांड्याने उघडते, व्हॅक्युमने नाही. त्याची एकूण क्षमता किंगच्या फुल रेसच्या गरजेच्या दुपटीहून जास्त आहे. म्हणून १२९८ सीसीवरसुद्धा फायदा वरच्या रेसला दिसतो आणि खाली पाय सांभाळून द्यावा लागतो. परदेशात सुझुकी सामुराईवाल्यांनी (जिप्सीचीच तिकडची भावंडं) हा कार्ब उचलून धरला, कारण त्यांचा मूळचा कार्ब प्रदूषण नियमांच्या नळ्यांनी जखडलेला होता. आपल्या किंगच्या कार्बला तेवढं जंजाळ नाही. त्यामुळे तिथल्या लोकांना वाटला तेवढा फरक आपल्याकडे वाटेलच असं नाही.

तरीही बसवायचा असेल तर यादी अशी. मॅनिफोल्डला जुळणारी अ‍ॅडाप्टर प्लेट, हातचोक किंवा इलेक्ट्रिक चोकचं मॉडेल, अ‍ॅक्सिलरेटर केबलचा ब्रॅकेट, एअर क्लीनरचं तोंड, आणि पेट्रोलचा दाब साडेतीन पीएसआयच्या आत ठेवणारा रेग्युलेटर. दाब जास्त झाला की नीडल उचलली जाते आणि कार्ब ओसंडतो. लोक खर्च फक्त कार्बचा धरतात, बाकीचं सामान नंतर बिलात दिसतं. बाजारात नकलाही भरपूर आहेत. नकली कार्बमध्ये जेटवर लिहिलेला आकडा आणि खरं भोक जुळेलच असं नाही. मग ट्यूनिंग म्हणजे अंधारात दगड मारणं.

वेबर बसला, आता जेट कसे ठरवायचे?

सुरुवात आयडल जेटपासून. नाव आयडल असलं तरी साधारण अडीच-तीन हजारांच्या रेसपर्यंत पेट्रोल मुख्यतः तोच पुरवतो. म्हणजे तुमचं वावरातलं, चिखलातलं रांगणं जवळजवळ सगळं त्याच्यावर. मेन जेटच्या मागे लागणारे इथंच फसतात.

इंजिन पूर्ण गरम करा, चोक पूर्ण उघडा. स्पीड स्क्रू थ्रॉटलला जेमतेम टेकवून अर्धा ते एक फेरा आत. दीड फेऱ्याच्या वर जावं लागत असेल तर कुठंतरी काहीतरी चूक आहे. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बसवून दीड-दोन फेरे बाहेर. आता तो हळूहळू आत घ्या, इंजिन अडखळेल. मग बाहेर काढत सर्वात गुळगुळीत जागा शोधा. ती जागा दोन फेऱ्यांच्या पलीकडे मिळाली तर आयडल जेट लहान आहे, एका फेऱ्याच्या आत मिळाली तर मोठा. जेट बदला आणि पुन्हा तेच.

मेन जेटसाठी सायलेन्सरच्या पाइपला एक नट वेल्ड करून ऑक्सिजन सेन्सर आणि मीटर लावता आलं तर सोनं. नाही तर प्लग वाचा: मोकळ्या रस्त्यावर फुल थ्रॉटल देऊन तिथंच इग्निशन बंद करा, क्लच दाबून गाडी कडेला घ्या आणि प्लग काढा. फिका बदामी ठीक, काजळी धरलेला काळा म्हणजे जाड, पांढराफेक म्हणजे पातळ. पातळ चालवू नका, पिस्टन जळतो. वेबरच्या जेटवरचा आकडा म्हणजे मिलिमीटरचे शंभर भाग: १४० म्हणजे १.४० मिमी. एका वेळी एकच पायरी बदला आणि वहीत लिहून ठेवा. मिस्त्री बदलला तरी वही तुमच्याकडे राहते.

इथेनॉलवालं पेट्रोल सुरू झाल्यापासून गाडी बिघडली. खरं की भास?

खरं आहे, आणि कारण सरळ आहे. शुद्ध पेट्रोल जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. कारण इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलं की हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. एमपीएफआय गाडीत सेन्सर असेल तर तो हे ओळखतो आणि पेट्रोल वाढवतो. कार्बला डोकं नाही. तो जुन्याच मापाने पेट्रोल देतो आणि मिक्श्चर सुमारे सात टक्क्यांनी पातळ होतं. थंडीत सकाळी सुरू व्हायला त्रास, अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर खड्डा, इंजिन नेहमीपेक्षा गरम ही त्याची लक्षणं.

उपाय जेट वाढवण्याचा, पण अंदाजाने नाही. पेट्रोल भोकाच्या क्षेत्रफळावर जातं आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर. सात टक्के जास्त पेट्रोल हवं तर व्यास साडेतीन टक्केच वाढवायचा. १.२० चा जेट असेल तर १.२४ किंवा १.२५. "वीस टक्के इथेनॉल म्हणून जेट वीस टक्के मोठा" असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकलं तर पेट्रोल चव्वेचाळीस टक्के जास्त जाईल आणि प्लग काळे होऊन गाडी जागची हलायची नाही.

रबराचं नुकसान वेगळं. जुन्या नळ्या, पंपाचा डायफ्राम, अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम हे सगळं इथेनॉलच्या आधीच्या काळातलं. ते कडक होतं, चिरतं किंवा फुगतं. नळ्या बदलताना त्यावर एसएई जे३० आर९ असा छाप बघून घ्या. आणि इथेनॉल पाणी ओढतं. पावसाळ्यात गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा, आत ओल धरणारी हवाच कमी राहते. पाणी फार झालं तर इथेनॉल त्याच्यासोबत वेगळं होऊन तळाला बसतं, आणि पंप आधी तळाचंच ओढतो.

मे महिन्यात गाडी धावते छान, पण बंद केल्यावर अर्धा तास सुरू होत नाही. का?

चंद्रपूर-नागपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर असतो तेव्हा बोनेटखाली काय होत असेल याचा विचार करा. पेट्रोलमधले हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांपासूनच उकळू लागतात. गाडी धावताना कार्बमधून थंड पेट्रोल आणि हवा वाहत असते. बंद केली की पंखा थांबतो, वाहणं थांबतं आणि इंजिनाची धग मॅनिफोल्डमधून वर चढते. फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरतं आणि इंजिन ओसंडतं.

त्या क्षणी करायचं ते असं: अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरून ठेवा आणि स्टार्टर मारा. पाय पंप करू नका, त्याने आणखी पेट्रोल आत जातं. सुरू झाल्यावर पाय सोडा. मात्र कार्बमध्ये पेट्रोलच येत नसेल तर ते दुखणं वेगळं, पंप किंवा नळीत वाफ अडकली आहे. पंपावर ओलं फडकं टाकण्याचा जुना ड्रायव्हरांचा उपाय खरोखर चालतो.

कायमचा इलाज चार भागांत. कार्ब आणि मॅनिफोल्डमध्ये बॅकेलाइटचा जाड स्पेसर. अ‍ॅल्युमिनियमचा नको, तो धग उलट वर पोचवतो. पेट्रोलची परतीची नळी चालू आहे का ते बघा, बरेच मिस्त्री ती बोळा घालून बंद करतात. ती चालू असेल तर पेट्रोल फिरत राहतं आणि थंड राहतं. नळ्या सायलेन्सरपासून लांब न्या. आणि एवढ्याने भागलं नाही तर टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप लावा. इंजिनाजवळचा पंप ओढतो, म्हणजे नळीत दाब कमी आणि वाफ लवकर. टाकीजवळचा ढकलतो. मात्र त्याला ऑइल प्रेशर स्विचमधून रिले द्या. गाडी उलटली आणि इंजिन थांबलं तरी पंप पेट्रोल फेकत राहिला, असं व्हायला नको.

मॅनिफोल्ड पोर्ट-पॉलिश करून घेतला तर ताकद वाढेल का?

पोर्ट, थोडंसं. पॉलिश, अजिबात नको.

कार्बच्या गाडीत मॅनिफोल्डमधून हवा एकटी जात नाही. पेट्रोल अर्धं तुषारात आणि अर्धं भिंतीवर पातळ थर धरून जातं. भिंत आरशासारखी केली की तो थर ओघळून वळणात साचतो आणि कधी एका सिलिंडरला, कधी दुसऱ्याला अचानक जातो. किंचित खडबडीत भिंत तो थर मोडते. डिझेल किंवा एमपीएफआयचं ज्ञान इथं लावायचं नाही.

करण्यासारखं एक काम आहे. पॅकिंग मॅनिफोल्डवर ठेवा, तोंडाची रेघ आखा, हेडलाही तसंच. कुठं धातूची किंवा पॅकिंगची कड आत आली असेल तेवढीच घासा. भोकं मोठी करू नका. लांब, अरुंद नळीत हवेला वेग मिळतो आणि खालच्या रेसला ओढ येते. शेतातल्या गाडीला तीच ओढ हवी.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मॅनिफोल्डचा सपाटपणा. हेडला लागणाऱ्या बाजूवर सरळ पट्टी ठेवा आणि खालून फीलर गेज घाला. ०.१ मिमीची पात शिरत असेल तर सरफेस ग्राइंडिंग करून घ्या. बसवताना नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत, साधारण २० न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. पान्याला पाइप घालून आवळणाऱ्यांमुळेच अ‍ॅल्युमिनियमचे मॅनिफोल्ड वाकतात.

मॅनिफोल्डला गरम पाणी जातं. आपल्याकडे एवढा उन्हाळा, ते बंद करू का?

नको. ते पाणी पेट्रोल भिंतीवर साचू नये म्हणून आहे. डिसेंबर-जानेवारीत नागपूरकडे पहाटे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा ते बंद असेल तर गाडी किलोमीटरभर खोकत जाते. उन्हाळ्यातला फायदा बॅकेलाइटच्या स्पेसरने मिळतो, पाणी न तोडता. कोणी आधीच नळी बोळा घालून बंद केली असेल तर निदान पाण्याचा फेरा अडलेला नाही ना, ते बघा.

किंगचा मॅनिफोल्ड आणि कार्ब ४१० ला बसतो का?

नाही. एफ१०ए आणि जी१३ ही वेगळी घराणी, हेडची तोंडंच जुळत नाहीत. किंगच्या आठ व्हॉल्व्ह हेडला सोळा व्हॉल्व्हचा एमपीएफआय मॅनिफोल्डही बसत नाही. एवढी खटपट करायचीच असेल तर अख्खं एमपीएफआय इंजिन वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), टाकीतला पंप यांसकट टाकणं परवडतं, आणि मग आरटीओची परवानगी आलीच.

मारुती ८०० चा कार्ब चालेल का?

चालेल म्हणजे गाडी सुरू होईल. ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरसाठी मापलेला तो कार्ब वरच्या रेसला गळा आवळतो आणि त्याचे जेट पातळ पडतात. जंगलात अडकलात तर गावापर्यंत आणायला ठीक.

ट्रॅक्टरचा ऑइल-बाथ एअर फिल्टर लावू का? धूळ फार आहे.

प्रश्न चांगला आहे आणि हवेचं गणित जमतंही. अडीच लिटरचं ट्रॅक्टर इंजिन २००० च्या रेसवर मिनिटाला दोन हजार लिटरच्या आसपास हवा ओढतं, म्हणजे ४१० च्या फुल रेसच्या जवळपास. अडचण तिरकेपणाची आहे. ट्रॅक्टर बहुतेक वेळ सपाट वावरात चालतो. जिप्सी धुऱ्यावरून, नाल्यातून आडवी-तिडवी जाते, आणि तेव्हा तेल उचलून कार्बमध्ये येतं.

त्याऐवजी ट्रॅक्टरवरचा प्री-क्लीनर घ्या, तो पारदर्शक वाटीचा भोवरा. तो इनटेकच्या तोंडावर उंच बसवा आणि खाली कंपनीचा कागदी फिल्टर तसाच ठेवा. जाड धूळ वाटीतच राहते, कागद जास्त टिकतो. ताडोबातल्या मोहर्ली-कोलाऱ्याच्या कच्च्या रस्त्यांवर गाड्यांच्या रांगेत चालणाऱ्याला याची किंमत लगेच कळते.

उघडा कोन फिल्टर, तो आवाज करणारा, बोनेटखाली लावू नका. धूळ बारीक असेल तर त्याची गाळणी कागदाएवढी चांगली नसते, शिवाय तो इंजिनाची गरम हवा ओढतो. दर दहा अंशांना हवा साधारण तीन टक्क्यांनी विरळ होते. बाहेर पंचेचाळीस आणि बोनेटखाली पंचाहत्तर असेल तर नऊ टक्के ताकद तिथंच गेली. बाहेरची हवा पाइपने कार्बपर्यंत आणणं हा या पानावरचा सर्वात स्वस्त अपग्रेड आहे, आणि तो कोणी विचारत नाही.

तीव्र चढावर किंवा आडव्या उतारावर गाडी बंद पडते.

फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल कलंडतं. कार्ब बदलला असेल तर वाटी गाडीच्या पुढच्या बाजूला येईल असा बसवा. मग चढावर वाटी नोझलपेक्षा उंच राहते, मिक्श्चर जरा जाड होतं, पण इंजिन उपाशी मरत नाही. उतारावर उलटं होतं, पण तेव्हा पाय सुटलेला असतो. फ्लोटची पातळी किंचित कमी करा. वाटीच्या श्वासनळ्या कार्बच्या गळ्यात उघडत असतील तर त्यांना थोडी उंची द्या, म्हणजे कलंडलेलं पेट्रोल आत ओतलं जाणार नाही.

चिखलदऱ्याला गेलो की गाडी काळा धूर सोडते. जेट बदलावे लागतात का?

नाही. चिखलदरा साधारण ११०० मीटरवर आहे. परतवाड्याहून वर जाताना हवा सात-आठ टक्के विरळ होते, आणि मिक्श्चर त्याच्या निम्म्याने जाड. ताकद थोडी उतरेल, धूर दिसण्याइतका फरक नाही पडत. धूर दिसत असेल तर खालीही जाडच चालू आहे किंवा चोक पूर्ण उघडत नाही.

आरटीओ आणि पीयूसीचं काय?

आरसी बुकात कार्बचा उल्लेख नसतो, इंजिन क्रमांक, सीसी आणि इंधन असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. त्यामुळे इंजिन बदललं तर परवानगी आणि नोंद हवीच. कार्ब बदलला तर खरी परीक्षा पीयूसीच्या यंत्रावर. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या चारचाकी पेट्रोल गाडीला स्लोवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमची मर्यादा आहे. नीट लावलेला कार्ब यात आरामात बसतो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण येतं, तेव्हा गाडी तपासणीला न्यावी लागते. एमएच ३४ असो की एमएच ३३, लटकणाऱ्या नळ्या आणि बांधलेल्या तारा बघून अधिकारी आणखी दहा गोष्टी शोधतो. काम नेटकं करून घ्या. सफारीसाठी नोंदवलेली गाडी असेल तर वनविभागाच्या अटी वेगळ्या असतात. काम काढण्याआधी गेटवर विचारा.

माझ्याकडे पेट्रोलची जुनी महिंद्रा जीप आहे. मॅनिफोल्ड बदलता येईल?

हरिकेन इंजिन असेल तर बदलायला काही नाहीच. २२०० सीसीच्या त्या एफ-हेड इंजिनात इनटेकचा मार्ग हेडमध्येच ओतलेला आहे, कार्ब सरळ हेडवर बसतो. त्याचा सोलेक्स कार्ब नीट करून घ्या, हवा आणि इग्निशन बघा.

नवा कार्ब बसला. जुना विकून टाकू?

अजिबात नका. तो कार्ब, त्याचे जेट, एअर हॉर्न आणि नट-बोल्ट एका डब्यात, जेटचे आकडे कागदावर लिहून, कोरड्या जागी ठेवा. वाटीतलं पेट्रोल पूर्ण काढा, नाही तर आत हिरवट थर धरतो. वेबरचा अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम एटापल्ली-भामरागडच्या वाटेवर फाटला तर तो तिथं मिळणार नाही. मूळ कार्बचं सामान निदान नागपूरपर्यंत मिळतं. आणि ती अ‍ॅडाप्टर प्लेट काढून जुना कार्ब परत चढवायला बारा आणि दहाचा पाना, नवं पॅकिंग आणि एक दुपार पुरते.